इन्व्हर्टरची बॅटरी आणि आपले नाक

गेल्या आषाढात एका रात्री साडेनऊच्या सुमारास एका दुकानदाराला त्याच्या मुलाने माझ्या दवाखान्यात आणले. डोळे घट्ट मिटलेले, चेहऱ्यावर लाल चट्टे, सदऱ्याला ठिकठिकाणी भोके. सकाळपासून विजेचा लपंडाव चालू होता. इन्व्हर्टर नीट चालेना म्हणून गृहस्थ जिन्याखालच्या कोनाड्यात वाकले, बॅटरीची बुचे उघडली आणि पाण्याची पातळी दिसावी म्हणून काडी ओढली. धडाका झाला आणि आतले आम्ल तोंडावर उडाले. घरच्यांनी डोळ्यांत खोबरेल तेल घातले. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. मी सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या, पण तो अर्धा तास परत येणार नव्हता. आज त्यांना उजव्या डोळ्याने अंधूक दिसते.

हा उद्योग हायड्रोजन वायूचा. आपल्या घरातली शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. म्हणून तर तिच्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. (सीलबंद आणि लिथियम बॅटरीची गोष्ट वेगळी.) हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याला ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो. तो आपल्यासाठी मुद्दाम मिसळलेला असतो. बॅटरीतल्या हायड्रोजनमध्ये असे कोण काय मिसळणार? कधी बॅटरीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. तो आला तर समजावे की बॅटरी प्रमाणाबाहेर तापली आहे. दारे-खिडक्या उघडाव्यात, खोलीबाहेर यावे आणि मेकॅनिकला बोलवावे. ‘आता वास गेला’ म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण या वासाला नाक लवकर सरावते.

आपली जुनी घरे कौलारू होती. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका, तो कौलांच्या फटींतून केव्हाच निघून जाई. आता स्लॅबची घरे आली, पावसाची झड नको म्हणून झरोके बुजले, आणि बॅटरी गेली जिन्याखाली. काही घरांत तर मी ती देवघराला लागून पाहिली आहे. वर समई तेवते आहे!

नाक निकामी ठरते तेथे यंत्र हवे. जपानमध्ये घरगुती गॅसच्या स्फोटांनी माणसे मरत होती, तेव्हा नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली कथलाच्या ऑक्साइडचा संवेदक शोधला. त्याची युक्ती समजायला सोपी आहे. तापवलेल्या ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटून बसतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो, त्यामुळे वीज सहज वाहत नाही. हायड्रोजन आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, वीज वाहू लागते आणि भोंगा वाजतो. सारा खेळ कणाच्या पृष्ठभागावर चालतो. म्हणून कण जितका बारीक तितका संवेदक तल्लख. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. संशोधक आता काही थोड्या नॅनोमीटरचे कण वापरतात आणि त्यावर पॅलेडियमचा अंश पेरतात, म्हणजे हायड्रोजनची चाहूल अधिक लवकर आणि कमी तापमानात लागते. पुण्याच्या सी-मेटमध्ये आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या वायुसंवेदकांचे काम झाले आहे.

माझी तक्रार आहे ती इथेच. अशा संवेदकांचा एक जुना शत्रू म्हणजे दमट हवा. पाण्याची वाफही त्याच पृष्ठभागावर जागा अडवते. कोरड्या प्रयोगशाळेत हुशार ठरलेला संवेदक तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत श्रावणात काय करील? एक तर गप्प बसेल, नाहीतर स्पिरिटच्या बोळ्यालाही ओरडेल. दहा वेळा खोटे ओरडणारे यंत्र अकराव्या वेळी घरातली बाई बंदच करून ठेवते, आणि त्यात तिची चूक नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. हा वायू उद्या इंधन म्हणून वापरात येणार असेल, तर त्याचे संवेदक कोकणचा एक अख्खा पावसाळा काढून दाखवल्याशिवाय बाजारात येऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर यंत्राची वाट पाहू नका. बॅटरीच्या खोलीला छताजवळ झरोका ठेवा. खाली ठेवून उपयोग नाही, हा वायू वर जातो. स्वयंपाकाचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून त्यासाठी खाली बसवलेल्या भोंग्यावर बॅटरीचा भरवसा टाकू नये. पाणी घालताना आधी इन्व्हर्टर बंद करा, खोली उघडी टाका, विजेरी खोलीबाहेरच पेटवून आत न्या. काडी, उदबत्ती, विडी काही नको. आणि डोळ्यांत आम्ल गेलेच, तर तेल, दूध, गुलाबपाणी यांच्या मागे लागू नका. पापण्या उघडून स्वच्छ पाण्याची धार निदान २० ते ३० मिनिटे सोडा आणि मगच डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाव घ्या. रिक्षा आधीच दारात आली, तर तिला थांबवून ठेवा.

ते दुकानदार गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आले होते. बॅटरी त्यांनी मागच्या पडवीत नेली आहे. जिन्याखालच्या कोनाड्यात आता गणपतीच्या मखराचे सामान असते.