चाप आणि कमान

बंदुकीच्या ज्या कळीवर बोट ठेवून बार काढतात तिला मराठीत चाप म्हणतात. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. घड्याळातल्या पोलादी स्प्रिंगला आपले जुने कारागीर कमान म्हणत. फारशीत कमान म्हणजेही धनुष्यच. धनुष्य लढाईतून गेले, पण जाताना आपली दोन नावे यंत्रांच्या पोटात ठेवून गेले. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेदेखील मान वर करतात, म्हणून मी ते दरवर्षी सांगतो. मात्र या चापाचा आणि कमानीचा आपसांत काय व्यवहार चालतो, हे मला यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्यामुळे कळले.

पुतण्या अकरावीतला. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझपदक मिळवले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरे काही नाही. क्लबाने त्याला सरावासाठी एक जुने पिस्तूल दिले. हल्लीचे स्पर्धक दाबून भरलेल्या हवेची पिस्तुले वापरतात; हे त्यांच्या आधीच्या पिढीतले, कार्बन डायऑक्साइडवर चालणारे. मे महिन्यात स्पर्धा, आणि स्वारीचे छर्रे कधी कागदाच्या वर, कधी खाली. दहा दिवस राहिले तेव्हा तो माझ्याकडे आला.

"काका, याचा जोर कमी पडतोय. स्क्रू आवळू का?"

मराठीच्या प्राध्यापकाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी त्याला घेऊन क्लबातल्या वस्तादांकडे गेलो. त्यांनी पिस्तूल हातात घेण्यापूर्वीच आम्हां दोघांना समोर बसवले आणि गॅसपासून सुरुवात केली.

वाचकहो, सोडावॉटरच्या बाटलीतला तोच हा गॅस. पिस्तुलाच्या नळकांड्यात तो पातळ होऊन बसलेला असतो आणि वर त्याची वाफ. गंमत अशी की आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी वाफेचा दाब तेवढाच राहतो. नळकांडे भरलेले असो की संपत आलेले. दाब ठरतो तो उष्णतेवर. १० अंशांना तो वातावरणाच्या सुमारे ४५ पट, २० अंशांना ५७ पट, ३० अंशांना ७२ पट. आणि ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबा, द्रव होतच नाही. १८६९ साली बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने हे जगापुढे मांडले. बेलफास्टमध्ये ३१ अंश म्हणजे कडक उन्हाळा; आमच्याकडे मे महिन्यात तेवढे सकाळी दहालाच होतात!

उलट भराभर बार काढले तर नळकांडे गार पडते. माठाला घाम येऊन पाणी गार होते त्यातलाच प्रकार: द्रवाची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, दाब उतरतो आणि छर्ऱ्याचा वेगही उतरतो.

आता कमान. चाप ओढला की हातोडी सुटते. तिला पुढे ढकलते ती कमान. हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते, आणि तेवढ्या क्षणात जेवढा गॅस सुटेल तेवढ्यावर छर्रा निघतो. स्क्रू आवळणे म्हणजे ही कमान आवळणे. टोला जोराचा बसतो, झडप जास्त वेळ उघडी राहते, वेग वाढतो. पण छर्रा नळीत असतो किती वेळ? सेकंदाचे तीन-चार हजारांश. तो बाहेर पडल्यावर जो गॅस येतो तो नुसता आवाज करतो आणि हाताला हिसका देतो. आमच्या काही सभांतल्या आभारप्रदर्शनासारखा! कडक उन्हात तर दाब झडपेलाच आतून इतका रेटून धरतो की हातोडीला ती पुरती उघडता येत नाही, आणि वेग वाढायचा सोडून घटतो. तेव्हा कमान आवळली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात तेच पिस्तूल उगाच हिसके देऊ लागते.

वस्तादांनी वेग मोजायचे यंत्र काढले. दोन प्रकाशकिरण, त्यांमधून छर्रा जातो. सकाळी सरासरी सेकंदाला १४६ मीटर, अकराच्या सुमारास १५३. पुतण्याचा चेहरा खुलला: दुखणे सापडले!

"दहा मीटरवर याने किती फरक पडेल?" वस्तादांनी विचारले आणि स्वतःच कागदावर मांडून दाखवले. सावकाश छर्रा जेमतेम २३ मिलिमीटर खाली येतो, वेगवान २१. फरक दोन मिलिमीटरांचा. दहा गुणांचे वर्तुळ असते ११.५ मिलिमीटरांचे. "आणि तुझे छर्रे पाच-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे जातात. दोन मिलिमीटर गॅसचे. बाकीचे कोणाचे?"

पुतण्या आपल्या मनगटाकडे पाहू लागला.

त्याचा दुसराही एक हेतू होता, तो मागाहून बाहेर आला. मित्रांसमोर पत्र्याचा डबा आरपार करायचा होता, तोही परसात, कुंपणाच्या भिंतीपुढे. वस्ताद चिडले ते इथे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने गेला तर त्यात साडेपाच जूलच्या आसपास शक्ती असते. जर्मनीत परवान्याशिवाय साडेसात जूलपर्यंत चालते. आमच्या २०१६ च्या नियमांत रेघ २० जूलवर आहे. पण डोळ्याला साडेपाचही फार होतात, आणि कठीण भिंतीवरून छर्रा कुठे उलटेल याचा भरवसा नाही. त्या भिंतीपलीकडे शेजारची पोरे क्रिकेट खेळतात. चेंडू आला की त्यांतले एखादे भिंतीवर चढून डोके वर काढतेच. मी हे सांगितले तेव्हा पुतण्या काही बोलला नाही. वस्तादांनी स्क्रू पाव फेरा सैल केला. आवळला नाही, सैल केला.

मग नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचली. अशा नळकांड्याचे आयुष्य दहा वर्षांचे धरतात. हे दीड वर्षापूर्वीच संपले होते. त्यांनी ते काढून कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. नवे मागवायचे, तोवर पिस्तूल रिकामे.

पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी घड्याळाकडे. त्यानंतर आठ दिवस तो आमच्या माजघरातल्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा. गॅस नाही, छर्रा नाही; चाप ओढला की आत फक्त 'टक्'. पहिल्या दिवशी त्या 'टक्'बरोबर नळीचे टोक हललेले मलासुद्धा चष्म्याशिवाय दिसत होते. सहाव्या दिवशी दिसेना. नवे नळकांडे स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आले.