पुढच्या जन्माची वाट



मागल्या महिन्यात याच जागी बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ची गोष्ट सांगितली होती. वाटले होते, तेराशे वर्षांहून जुनी संस्कृत गोष्ट, सुगीच्या धांदलीत कोण वाचणार! पण पत्रांचा गठ्ठाच आला. एका घरी तर रात्रीच्या जेवणानंतर सुनेने मोठ्याने वाचली आणि सासूने उलटसुलट प्रश्न विचारून तिची झोप घालवली. म्हणून आजचा सारा मजकूर तुमच्या पत्रांचाच.

ज्यांचा तो अंक चुकला, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. महाश्वेता नावाची गंधर्वकन्या अच्छोद सरोवरावर स्नानाला जाते. तिथे पुंडरीक नावाचा तरुण तपस्वी भेटतो आणि दोघांचे मन जडते. पण ती त्याच्याकडे पोचण्याआधीच विरहाने त्याचा प्राण जातो. ती मरायला निघते, तोच चंद्रातून एक दिव्य पुरुष उतरतो, पुंडरीकाचा देह उचलतो आणि तुमची पुन्हा भेट होईल असे सांगून जातो. महाश्वेता वल्कले नेसून तिथेच वाट पाहत राहते. तिची मैत्रीण कादंबरी ठरवते, हिचे दुःख सरेपर्यंत आपण लग्न करायचे नाही. आणि नेमका तिच्याच आयुष्यात उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड येतो.

पुढे चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन त्या सरोवरापाशी येतो. कशाने तरी ओढल्यासारखा तिथेच घुटमळतो आणि महाश्वेतेजवळ प्रेम बोलून दाखवतो. ती संतापते आणि तू पोपटाच्या जन्माला जाशील असा शाप देते. तो जागीच कोसळतो. मित्र गेल्याचे ऐकून चंद्रापीडही प्राण सोडतो. मागाहून उलगडा होतो की वैशंपायन हाच पुन्हा जन्मलेला पुंडरीक! चंद्रापीडाचा देह कादंबरी जिवापाड जपते. तो विदिशेचा राजा शूद्रक म्हणून जन्मतो, पोपट त्याच्याच दरबारात येतो, जुनी ओळख जागी होते आणि शेवटी चौघांची भेट होते.

आता पत्रांकडे वळू.

एक शेतकरी बंधू लिहितात, “गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट. डोके चक्रावले.” खरे आहे. पोपट राजाला सांगतो, त्याच्या सांगण्यात जाबाली ऋषी सांगतात, त्यांच्या सांगण्यात महाश्वेता स्वतःची हकिकत सांगते. पण दोर वळताना आपण काय करतो? तीन पदर एकमेकांत पिळतो. एकच पदर धरून ओढलात तर गुंता होतो, पीळ सरळ ठेवलात तर दोर मजबूत. ही गोष्ट दोनदा वाचा, म्हणजे पीळ दिसेल. आणखी एक गंमत. बाणाने कथेचा सांगाडा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’तून घेतला असे अभ्यासक मानतात, आणि परंपरा सांगते की गुणाढ्य होता आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी. म्हणजे बी इथले, पीक उत्तरेत हर्षराजाच्या दरबारी आले आणि नाव पुन्हा आपल्याकडे परतले. मराठीत लांब कथेला आपण ‘कादंबरी’ म्हणतो ते या नायिकेवरूनच. कानडीतही तेच नाव आहे.

कॉलेजात शिकणारा एक तरुण रागावला आहे. “पुनर्जन्माच्या भाकडकथा छापून तुम्ही लोकांना मागे नेता,” असे तो म्हणतो. मुला, पुनर्जन्म असतो की नाही, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. पण १९५८ साली बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ हा पुनर्जन्माचा चित्रपट आला तेव्हा लोकांनी थिएटरे भरली, ती सगळ्यांचा त्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. गेलेले माणूस पुन्हा दिसावे, ही इच्छा प्रत्येकाच्या पोटात असते. गोष्ट त्या इच्छेला वाट करून देते. इतकेच.

याच्या उलट एक भगिनी. वडाला दोरा गुंडाळते पण फेऱ्या मोजून मारते, असे ती लिहिते. “सातव्याला थांबते. चुकून आठवी पडायला नको!” मालकांनी हे पत्र वाचले असेल तर ते या अंकाचे वर्गणीदार राहोत, एवढीच प्रार्थना.

तिसरे पत्र एका म्हाताऱ्या बाबांचे. नातवाकडून लिहवून घेतलेले. त्यांना सगळ्यात जास्त लागली ती शापाची गोष्ट. वाटणीच्या भांडणात ते मुलाला बोलले होते की, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मुलाने खरेच दाखवले नाही. बाबा विचारतात, “ज्याची वाट बघायची, त्यालाच शाप द्यायचा, असे का होते हो?” बाबा, महाश्वेतेला ठाऊक नव्हते की समोर कोण उभा आहे. तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याहून तुमचे काम सोपे आहे. नातू पत्र लिहून देतोच आहे, तर पुढचे पत्र आम्हाला नको, मुलाला लिहा.

आणि चौथे पत्र. नाव-गाव छापू नका असे लिहिले आहे, आम्ही छापणार नाही. “मालक जाऊन चार वर्षे झाली. पदरात एक मुलगी आहे. एका घरून मागणी आली आहे, माणूस बरा आहे, मुलीसह नेतो म्हणतो. सासरचे म्हणतात, पुढच्या जन्मी तोच भेटायचा आहे, गप बस. तुमची गोष्ट वाचून त्यांनी महाश्वेतेचा दाखला दिला. आता तुम्हीच सांगा.”

ताई, तुमचे पत्र वाचून आम्हाला शरम वाटली, की आमच्या गोष्टीचा असा दाखला व्हावा. म्हणून स्पष्ट लिहितो. महाश्वेतेला आकाशातून वचन मिळाले होते. तुम्हाला ते कोणी दिलेले नाही, आणि सासरच्यांना ते देण्याचा अधिकार नाही. शिवाय तिला वाट पाहा असे कोणी घरच्याने बजावले नव्हते. तिने ते स्वतः पत्करले. त्यातच त्या गोष्टीची थोरवी आहे. दुसऱ्याने लादलेल्या वाट पाहण्याला तप म्हणत नाहीत.

विधवेच्या लग्नाला कायद्याने मुभा मिळाली १८५६ साली. लगेच १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखले जाते, आणि त्याचा विषय कोणता? विधवांचे हाल. म्हणजे आपल्या भाषेतल्या कादंबरीने जन्मल्याबरोबर तुमचीच बाजू घेतली आहे.

जमिनीचेही सांगतो, कारण पत्रात पुढे तो धाक दिसतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पतीच्या मिळकतीत पत्नीला आणि मुलीला वाटा आहे. पत्नीला एकदा वारशाने मिळालेला वाटा पुन्हा लग्न केल्याने जात नाही. तेव्हा आधी चावडीवर जाऊन वारस नोंद झाली आहे का पाहा, तुमचे व मुलीचे नाव सातबाऱ्यावर चढले आहे का पाहा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. तालुक्याला कायद्याची मोफत मदत देणारी समिती असते, तिथे विचारा. लग्न करायचे की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवा. आम्हीही सांगणार नाही, सासरच्यांनीही सांगू नये.

शेवटी एक गोष्ट, जी मागल्या वेळी सांगायची राहिली. ‘कादंबरी’ बाणाने पुरी केलीच नाही. पत्रलेखा कादंबरीचा निरोप घेऊन उज्जयिनीला येते, तिथे त्याची लेखणी थांबली आणि तो गेला. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. मुलगा सुरुवातीलाच सांगतो की कथा अर्धी राहिली याचे सज्जनांना दुःख झाले, म्हणून मी हे काम हाती घेतले, कवी म्हणून मिरवायला नव्हे. शाप, ओळख पटणे, भेट, हे सारे त्या मुलाच्या हातचे.

ताई, अर्धी राहिलेली गोष्ट दुसऱ्या हाताने पुरी झाली, म्हणून बाणाचा अपमान झाला असे तेराशे वर्षांत कोणी म्हटलेले नाही.

पत्रे येऊ द्या.