बायोटेकच्या पदवीचा हिशेब विद्यापीठाने मांडावा

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे.

विषय : बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीचा एकूण खर्च आणि पदवीनंतरच्या वाटा कॉलेजनिहाय जाहीर करण्याबाबत.

महोदय,


बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ नीटचे गुण हाती येतात आणि पुण्यातल्या कॉलेजांत एकाच प्रश्नाने हैराण झालेले आईवडील दिसू लागतात. मुलीचा ग्रुप पीसीबी, एमबीबीएस हुकलेले, खासगी बीडीएस-बीएएमएसची फी आवाक्याबाहेर. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगते, ‘बायोटेक घ्या, स्कोप आहे.’ मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हे पालक आम्हाला विचारतात, ‘मॅडम, एवढे पैसे घालायचे, तर पुढे नोकरी लागते का?’ त्यांच्या वतीने हाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवत आहे.

स्कोप आहे, हे खोटे नाही. जैवविज्ञानासाठी पुण्याइतके समृद्ध शहर देशात क्वचितच सापडेल. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली आणि तिथल्या ऊतिसंवर्धनाच्या संशोधनाने जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही). १९६६ मध्ये स्थापन झालेली हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट लशी बनवते. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तर आपल्याच आवारात आहे. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोविड तपासणीच्या आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली. हिंजवडीच्या जिनोव्हाने बनवलेल्या देशाच्या पहिल्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही नावे ऐकून एखादी मुलगी या विषयाकडे ओढली गेली, तर मला शिक्षक म्हणून आनंदच होतो.

अडचण पुढे सुरू होते. या संस्थांतले संशोधन बीएस्सीच्या बळावर करता येत नाही. त्यासाठी एमएस्सी हवी, नेट हवी, मग पीएचडी. जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते आणि ते मानाचे आहे. पण तिथवर पोहोचायला पदवीची तीन आणि पदव्युत्तरची दोन अशी पाच वर्षे घरच्यांना धीर धरावा लागतो. नुसत्या बीएस्सीवर मिळतात ती कामे वेगळी : औषध कंपनीतली क्वालिटी कंट्रोलची किंवा उत्पादन विभागातली शिफ्ट, मेडिकल कोडिंग, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणे, केळीची रोपे तयार करणारी टिश्यू कल्चर लॅब, नाहीतर विक्री. यांतले कोणतेही काम कमी प्रतीचे नाही. पण या रांगेत बायोटेकच्या मुलीशेजारी मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री आणि फार्मसीची मुलेही उभी असतात आणि त्यांतल्या अनेकांनी तिच्यापेक्षा खूप कमी फी भरलेली असते.

फीमधल्या या फरकाचे कारण आपण जाणताच. बहुतेक कॉलेजांत बायोटेक विनाअनुदानित तत्त्वावर चालते. शिक्षकांचे पगार, एन्झाइम, किट, पीसीआर यंत्राची देखभाल, सगळे फीमधूनच भागवावे लागते. त्याच इमारतीत अनुदानित तुकडीत वनस्पतिशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणारा मुलगा त्या मानाने किरकोळ फी भरतो.

एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, फी कॉलेजागणिक बदलते. समजा वर्षाची फी ८०,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांचे २,४०,०००. बाहेरगावच्या मुलीला कॉट आणि मेस मिळून महिन्याला ९,००० लागले, तर वर्षाच्या दहा महिन्यांप्रमाणे तीन वर्षांत २,७०,०००. एकूण ५,१०,००० रुपये. पहिला पगार १५,००० धरला आणि राहणे-खाणे त्याच ९,००० मध्ये भागवले, तर हाती ६,००० उरतात. पगार वाढला नाही तर घातलेले पैसे परत यायला सुमारे सात वर्षे लागतील. हीच मुलगी एमएस्सीला गेली तर खर्च वाढतो, पण दारेही अधिक उघडतात. जीएटी-बी परीक्षेतून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे पाठबळ असलेल्या एमएस्सीला प्रवेश मिळाला, तर महिन्याला ५,००० रुपये विद्यावेतनही मिळते. ही वाट पहिल्या वर्षीच कळली, तर तयारीला तीन वर्षे मिळतात. शेवटच्या सत्रात कळली, तर एक वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पाच वर्षे शिकायची तयारी आणि ऐपत असेल, प्रयोगशाळेत रमणारे मन असेल, तर बायोटेक जरूर घ्यावे. तीन वर्षांत नोकरी लागणे घराला अत्यावश्यक असेल, तर जास्त फी भरून ते घेऊ नये. मात्र हा निर्णय पालकांनी ऐकीव माहितीवर घ्यावा, अशी वेळ विद्यापीठाने येऊ देऊ नये.

आपल्याकडे तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी माहितीची. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था नोकरी लागलेल्यांची संख्या, मध्यक पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेल्यांची संख्या देतात. पण तिथे तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे बायोटेकच्या मुलांचे काय झाले ते कळत नाही. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज प्रत्येकाला विद्यापीठाकडेच करावा लागतो. त्या अर्जातच ‘सध्या काय करता?’ हा प्रश्न घाला, दोन वर्षांनी पुन्हा विचारा आणि उत्तरे नावे वगळून विषयनिहाय, कॉलेजनिहाय संकेतस्थळावर टाका.

दुसरी मागणी संलग्नतेची. कॉलेजांची पाहणी करायला आपल्या समित्या जातातच. तीन वर्षांची एकूण फी, कायम आणि कंत्राटी शिक्षकांची संख्या आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात त्या प्रयोगांची यादी माहितीपत्रकात छापणे ही संलग्नतेची अट करा. जेल इलेक्ट्रोफोरेसिस एकाने करायचे आणि वीस जणांनी बघायचे, असे प्रात्यक्षिक नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडत नाही.

तिसरी मागणी कामाच्या अनुभवाची. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला क्रेडिट दिले आहेत. हे प्रशिक्षण जुन्या ओळखी असलेल्या शहरी कॉलेजांपुरते राहू नये. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या कंपन्या आणि प्रयोगशाळांशी विद्यापीठाने स्वतः करार करावेत आणि श्रीगोंदा किंवा जुन्नरच्या कॉलेजातल्या मुलीलाही तिथे जागा मिळेल असे बघावे.

यांतल्या कोणत्याही मागणीला नवी इमारत लागत नाही. पुढच्या प्रवेशाआधी निदान पहिली मागणी पूर्ण करा. ज्या पालकांनी शेत गहाण ठेवून किंवा पीएफ काढून फी भरायची आहे, त्यांना पैसे भरण्याआधी खरे आकडे बघायला मिळाले पाहिजेत. तो त्यांचा हक्क आहे आणि ते आकडे जमवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तो वापरा, ही कळकळीची विनंती.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, पुणे