पाण्याला तारीख हवी

शिमगा झाला की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या गिर्यारोहण संस्थांच्या बैठकांत दोन बेत हमखास निघतात. एक उन्हाळी सुट्टीतल्या लडाखचा आणि दुसरा पाडवा किंवा गुड फ्रायडेला लागून रजा मिळाली की करायच्या तीन-चार दिवसांच्या रेंज ट्रेकचा. दोन्ही बेत कोरड्या मुलखातले आहेत. लेहला वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिकडे निघताना वाळवंटात निघाल्यासारखी तयारी होते. घाटघर-भंडारदऱ्याचा पाऊस मात्र हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तो डोक्यात बसलेला असल्यामुळे एप्रिलमधल्या रतनगड–हरिश्चंद्रगडासाठी आपण डिसेंबरचाच आराखडा उचलतो, तारखा बदलतो आणि कसारा लोकल पकडतो. या महिन्यात सगळ्या लीडरांशी या आराखड्याबद्दल बोलायचे आहे.

सह्याद्रीचा कातळ पाणी फार धरून ठेवत नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, वर मातीचा पातळ पापुद्रा आणि उतार असा की पडलेले पाणी दोन-चार तासांत धरणात पोचावे. जे थोडे भेगांतून मुरते, ते खालच्या घट्ट थराशी अडते आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येते. ही शिल्लक लहान असते. दिवाळीत गुडघाभर असलेला ओढा होळीपर्यंत गोट्यांचा पट्टा होतो. ऑक्टोबर ते जानेवारी आपण ज्या मुलखात फिरतो, तोच मुलूख मार्च ते मे या काळात दुसराच असतो, आणि त्याला वाळवंटाचेच नियम लागू पडतात.

रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड ही वाट बहुतेकांच्या पायाखालची आहे. हिवाळ्यात या वाटेची आखणी मुक्कामांवरून होते. पहिली रात्र गडावरच्या गुहेत, दुसरी कुमशेतच्या आसपास, तिसरी हरिश्चंद्रगडावर. पाणी त्या त्या ठिकाणी मिळतेच. उन्हाळ्यात ही रीत उलटी केली पाहिजे. नकाशावर आधी खात्रीचे पाणवठे मांडायचे, मग त्यांच्यामधले कोरडे टप्पे तासांत मोजायचे आणि मुक्काम कुठे पडतात ते शेवटी बघायचे. रतनगडाची टाकी सोडली की कुमशेतपर्यंत वाटेत काहीही मिळणार नाही असे धरूनच निघावे. मिळाले तर आनंद आहे. हिशेबात ते नको.

हिशेब कागदावर केला की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. भर उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला पिणे आणि स्वयंपाक धरून दिवसाला निदान पाच लिटर लागतात. पंधरा जणांचा गट म्हणजे ७५ लिटर, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. कोरडा टप्पा दिवसभराचा असेल तर प्रत्येकाच्या सॅकमध्ये हे पाच किलो जादा येतात. मग तंबू, जास्तीचे कपडे, कॅमेऱ्याच्या लेन्सा यांवर गदा येते आणि दिवसाची चालही आखूड होते. जेवणाचा बेतही पाण्यावरच ठरतो. धुवायचे, शिजवायचे डाळ-तांदूळ पाण्याच्या मुक्कामासाठी ठेवावेत. कोरड्या दिवसाला दशम्या, चटणी, गूळ, लाडू. ताट पाण्याने धुण्याऐवजी भाकरीच्या तुकड्याने पुसून खावे.

उन्हाळी रेंजच्या कागदावर एक रकाना असलाच पाहिजे: परतीचे पाणी. प्रत्येक कोरड्या टप्प्यासाठी लीडरने आधीच लिहून ठेवावे की पुढचे टाके आटलेले निघाले तर मागच्या पाण्यापर्यंत किंवा जवळच्या वाडीपर्यंत पोचायला किती तास आणि किती लिटर लागतील. तेवढे पाणी बाटल्यांत असेतोवरच पुढे जायचे. त्याखाली गेलो की वळायचे, मग समोरचा कडा कितीही जवळ दिसो. वळायचे ठिकाण घरी बसून ठरवलेले असले तर उन्हात वाद होत नाहीत. तापलेल्या पठारावर, दुपारी बारा वाजता, तहानलेल्या गटात असा निर्णय नव्याने घेणे फार कठीण जाते, आणि बहुतेक वेळा तो एक तास उशिराच होतो.

आपल्या उपनगरांतल्या लोकांना आणखी एक धोका आहे. त्यावर पुरेसे बोलले जात नाही. आपल्याला दमट उकाड्याची सवय असते. अंधेरीच्या पुलावरून चालताना शर्ट पाठीला चिकटतो, तेव्हा घाम येतोय हे कळते. कोरड्या वाऱ्याच्या पठारावर घाम आला तसा वाळतो. अंग कोरडे, शर्ट कोरडा, माणूस म्हणतो मला काही होत नाही. तासाभरात त्याने लिटरभर पाणी गमावलेले असू शकते. कपाळावर, कानशिलांवर मिठाची पांढरी रेघ दिसली की लीडरने ओळखावे. लघवी गडद पिवळी झाली आहे का, हे न लाजता विचारावे. नुसते पाणी ढोसत राहणेही चूक, कारण मीठ भरून निघत नाही आणि रक्तातले सोडियम घसरते. ओआरएसचे पाकीट एक लिटरचे असेल तर ते एक लिटरमध्येच मिसळायचे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे पाकीट ओतणारे प्रत्येक गटात निघतात आणि अशा दाट पाण्याने उलटी व्हायची वेळ येते.

बरळणे, झोकांड्या, अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला आधी गार करायचे, मग हलवायचे. सावली, अंगभर पाणी, जोराचा वारा. म्हणजे यासाठीही पाणी हवे, आणि ते पिण्याच्या हिशेबातून काढता येत नाही. बचाव पथकातली मंडळी कितीही तत्पर असली तरी कात्राबाईच्या जंगलात पोचायला त्यांना काही तास लागतात, आणि मोबाइलची रेंज तिथे भरवशाची नाही. तोवर लीडरच्या हातात जे पाणी असेल, त्यावरच सगळे अवलंबून आहे. अशी वेळ येऊ नये म्हणून पहाटे साडेचारला निघावे, अकराच्या आत सावली गाठावी आणि चारपर्यंत तिथून हलू नये. सुकलेल्या गवतात चूल तर अजिबात पेटवू नये. वणव्याचा हंगाम आहे आणि हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

आणखी एका पाण्याबद्दल आमचे मत ठाम आहे. एप्रिल-मेमध्ये वाडीची विहीर आपल्या हिशेबात धरू नये. तळाशी गेलेल्या विहिरीतून एकेक कळशी भरायला बाया पहाटेपासून थांबतात. तिथे चाळीस जणांच्या गटाने बाटल्या घेऊन उभे राहणे शोभत नाही. गावातला मामा नको म्हणणार नाही, पाहुण्याला पाणी द्यायची त्याची रीत आहे, म्हणूनच आपण मागताना विचार करायचा. मुक्काम वाडीत असेल तर आठ दिवस आधी फोन करून विचारावे. टँकर येत असेल त्या गावी गटच नेऊ नये. उन्हाळ्यातला गट बारा जणांचा पुरे.

लडाखला निघालेल्यांसाठी थोडक्यात. लेहमध्ये निदान दोन दिवस नुसते राहा. तिथे पाणी दिसते, पण थंडीमुळे तहान लागत नाही, म्हणून घड्याळ लावून प्यावे लागते. ओढे दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात, त्यामुळे ते ओलांडायचे असतील तर सकाळीच. आणि कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू कधीही लावू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर जे पाणी आले, ते अशाच नाल्यांतून आले. मेमधल्या वळवाच्या सरींत हाच नियम सह्याद्रीतही पाळावा.

नव्या लीडरांना हे शिकवायला दूर जायची गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला १०० हून अधिक लेणी आहेत. तिथे शेकडो वर्षे भिक्षू राहिले, तेही फक्त पावसाच्या पाण्यावर. लेण्यांच्या दाराशी पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, खोदलेली, वरच्या कातळात बोटभर रुंदीचे पन्हळ कोरून पाणी तिच्यात वळवलेले. एखाद्या एप्रिलच्या रविवारी मुलांना तिथे न्यावे. कुठल्या पोढीत पाणी टिकले, कुठली आटली, तोंड किती रुंद, ऊन किती वेळ पडते, हे वहीत टिपायला लावावे. पुढे कुलंगच्या किंवा रतनगडाच्या टाक्यासमोर उभे राहिल्यावर कुठल्या टाक्याचा भरवसा धरायचा, हे त्या मुलांना कळेल.

आता एक विनंती. आपल्या सगळ्यांच्या वह्यांत आणि फोनमध्ये पाणवठ्यांच्या नोंदी आहेत. बहुतेक नोंदींत जागा आहे, तारीख नाही. ‘खिंडीखाली झरा’ हे डिसेंबरचे वाक्य एप्रिलमध्ये जीव घेऊ शकते. पुढच्या अंकापासून आम्ही उन्हाळी पाण्याच्या नोंदी छापणार आहोत. गडाचे किंवा घाटाचे नाव, टाके नेमके कुठे, तुम्ही पाणी पाहिले ती तारीख, खोली किती हात, पाण्याचा रंग आणि वास, गाळून व क्लोरीन टाकून वापरले की नुसते पाहिले. आटलेले टाकेही कळवा, त्याची नोंद तितकीच कामाची आहे. वाडीतल्या विहिरींच्या नोंदी पाठवू नयेत, त्या आम्ही छापणार नाही. २० तारखेपर्यंत आलेल्या नोंदी एप्रिलच्या अंकात घेऊ, त्यानंतरच्या मेच्या अंकात.