सात भाषांत गप्प बसणारा सेनापती

सेनापती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. उधळलेला घोडा, उपसलेली तलवार आणि आसमंत दणाणून सोडणारी गर्जना! पण एकोणिसाव्या शतकात युरोपचा नकाशा बदलून टाकणारा प्रशियाचा एक सेनापती असा होऊन गेला, की ज्याची मुख्य हत्यारे होती पेन्सिल, नकाशा आणि आगगाडीचे वेळापत्रक. अंगाने किडकिडीत, चेहरा एखाद्या अभ्यासू प्राध्यापकासारखा, आणि बोलणे म्हणाल तर जवळजवळ नाहीच. भाषा मात्र बऱ्याच येत. म्हणून लोक गमतीने म्हणत, हा गृहस्थ सात भाषांत गप्प बसतो! या गृहस्थाचे नाव हेल्मुट फॉन मोल्टके.

मोल्टकेचा जन्म २६ ऑक्टोबर १८०० चा, उत्तर जर्मनीतल्या पार्खिम गावचा. घराणे खानदानी, पण पैशाच्या नावाने शंख. १८०६ साली नेपोलियनच्या फौजांनी ल्युबेक शहर लुटले, त्यात मोल्टके कुटुंबाचे घरही धुऊन निघाले. मुलगा अकरा-बारा वर्षांचा होताच त्याची कोपनहेगनच्या सैनिकी शाळेत रवानगी झाली. पुढे डेन्मार्कच्या सैन्यात तो अधिकारी झाला, आणि १८२२ साली प्रशियाच्या नोकरीत शिरला.

पगार तुटपुंजा, आणि अधिकाऱ्याला घोडा तर हवाच. मग घोड्याच्या पैशांसाठी या पठ्ठ्याने काय करावे? गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे जर्मन भाषांतर करायला घेतले! दीड वर्षात बारांपैकी नऊ खंड हातावेगळे केले. पुस्तक काही निघाले नाही, आणि ठरलेल्या रकमेचा लहानसा हिस्साच काय तो पदरात पडला.

१८३५ साली रजा काढून तो फिरायला म्हणून तुर्कस्तानात गेला आणि सुलतान दुसरा महमूद याचा लष्करी सल्लागार बनून राहिला. १८३९ च्या जूनमध्ये निझीप येथे तुर्कांची इजिप्तच्या फौजेशी गाठ पडली. मागे हटून भक्कम जागा धरा, असे मोल्टकेने तुर्की सेनापतीला परोपरीने सांगितले. सेनापतीने ऐकले नाही. तुर्कांचा धुव्वा उडाला. योग्य सल्ला असणे वेगळे आणि तो ऐकला जाणे वेगळे, हा धडा मोल्टकेला त्या दिवशी मिळाला.

परत आल्यावर त्याला नवे वेड लागले ते आगगाडीचे. बर्लिन-हांबुर्ग रेल्वे कंपनीच्या पहिल्या संचालकांत तो होता, आणि लोहमार्ग कोठून न्यावेत यावर त्याने १८४३ साली लेखही लिहिला. १८५७ साली त्याच्याकडे प्रशियाच्या जनरल स्टाफची, म्हणजे युद्धाच्या योजना आखणाऱ्या कचेरीची, सूत्रे आली. वय वर्षे सत्तावन्न! आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनीचा हिशेब मांडतो. मोल्टकेच्या खऱ्या कारकिर्दीला इथे सुरुवात झाली. तोवर त्याने साध्या रेजिमेंटचेही नेतृत्व केले नव्हते.

१८६६ साली ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले. प्रशियाच्या फौजा पाच लोहमार्गांनी सरहद्दीवर उतरल्या. ऑस्ट्रियाला मोराव्हियाकडे यायला मार्ग एकच. फौजा वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या आणि ऐन लढाईत एकत्र आणायच्या, हे मोल्टकेचे सूत्र. ३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर राजपुत्राची फौज दुपारपर्यंत पोचेना. सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. बिस्मार्क पुढे सांगत असे, की त्याने त्या वेळी मोल्टकेपुढे सिगारांची पेटी धरली. आत दोनच उरल्या होत्या. मोल्टकेने दोन्ही नीट न्याहाळून त्यांतली चांगली तेवढी उचलली, आणि बिस्मार्कचा जीव भांड्यात पडला! राजपुत्र आला आणि लढाई जिंकली गेली. त्याच लढाईत मोल्टकेचा हुकूम हाती पडलेल्या एका सेनाधिकाऱ्याने विचारले म्हणे, ‘हुकूम ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण?’

१८७० नंतर असे कोणी विचारले नाही. फ्रान्सशी युद्ध सुरू होताच अठरा दिवसांत सुमारे साडेचार लाख सैनिक आगगाड्यांनी सरहद्दीवर पोचले. २ सप्टेंबरला सेदान येथे सम्राट तिसरा नेपोलियन शरण आला. पुढच्या वर्षी जर्मन साम्राज्य उभे राहिले आणि मोल्टके फील्डमार्शल झाला.

इथे गोष्ट संपवली तर ती यशाची कहाणी होईल. पण ती तेवढीच नाही. फ्रान्सकडून आल्सास-लोरेन हिसकावून घ्यावे या मताचा मोल्टकेही होता, आणि ती जखम पुढे चिघळतच राहिली. कायमची शांतता हे एक स्वप्न आहे, आणि तेही सुंदर नव्हे, असे त्याने १८८० साली एका कायदेपंडिताला कळवले होते. पण दहा वर्षांनी, १४ मे १८९० रोजी, हाच म्हातारा जर्मन संसदेत उभा राहिला. यापुढचे युद्ध राजांचे नसेल, राष्ट्रांचे असेल. ते सात वर्षे चालेल, कदाचित तीस वर्षे. दारूच्या कोठारात पहिली ठिणगी टाकणाऱ्याचा धिक्कार असो, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. जन्मभर गप्प राहिलेल्या माणसाने अखेर तोंड उघडले ते हे सांगायला.

निझीपच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले. २४ एप्रिल १८९१ रोजी मोल्टके वारला. १९१४ साली ठिणगी पडली तेव्हा त्याच्या खुर्चीवर बसला होता त्याचा पुतण्या. नावही तेच, हेल्मुट फॉन मोल्टके!

आणि वाचकहो, नियतीचा विनोद पाहा. १८८९ च्या ऑक्टोबरात एडिसनच्या माणसाने या अबोल म्हाताऱ्यापुढे फोनोग्राफ ठेवला आणि त्याचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर टिपून घेतला. तो आवाज त्याचाच, हे २०१२ साली जाहीर झाले. १८०० हे अठराव्या शतकातले शेवटचे वर्ष धरले, तर त्या शतकात जन्मलेल्या माणसाचा आज ऐकू येणारा हा एकमेव आवाज आहे. या यंत्रामुळे कबरीत पहुडलेला माणूसही पुन्हा बोलू शकेल, असे तो त्यात म्हणतो. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी तो बोलतो आहे. ऐकायचे की नाही, हा प्रश्न ऐकणाऱ्यांचा.