चारा हिरवा, विष अदृश्य
पावसाने ओढ दिली की बुलडाणा जिल्ह्यात खुरटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांवर भुकेली गुरे तुटून पडतात आणि काही तासांत दगावू शकतात. पोंग्यांतील धुरिन पोटात फुटून सायनाइड सुटते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. माणसाला देतो तीच सोडियम नायट्राइट, थायोसल्फेटची इंजेक्शने जनावरालाही वाचवतात, पण तेवढा वेळ क्वचितच मिळतो. म्हणून चारा आधीच तपासायला हवा. ताज्या चाऱ्यात दहा लाख भागांमागे 200 भागांहून अधिक सायनाइड धोक्याचे. नजरेला ते कळत नाही. सोडियम पिक्रेटचा पिवळा कागद विटकरी होऊन सांगतो. ही स्वस्त चाचणी प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात हवीच. तोवर ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. कापणीनंतरच्या फुटव्यांवर गुरे सोडू नका.