आपण चढलो, आता मागची गाडी पकडा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्र फिरलं. शेजारी बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवर तीन टॉवर येणार आहेत आणि त्यातली काही घरं म्हाडाच्या लॉटरीतून जाणार आहेत. पत्राचा विषय : तीव्र हरकत. कारणं तुम्हालाही पाठ असतील. पाणी, पार्किंग, ट्रॅफिक, गटारं. आणि सगळ्यात शेवटी, हळूच, 'परिसराचा दर्जा'. खाली सह्या. अकरावी सही माझ्या बाबांची.

मी सही केली नाही.

आमच्या ठाण्यात कारखान्याला कंपनीच म्हणतात. आमचा बावीस मजली टॉवरही अशाच एका कंपनीच्या जागेवर उभा आहे. समोरच्या चाळीचं दुपारचं ऊन आम्ही अडवलं. त्यांच्या रस्त्यावर आमच्या गाड्या आणल्या. तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं असतं तर आज जिथे माझा बेड आहे तिथे नुसती हवा असती. लोकलमध्ये आपण हेच करतो ना? चढेपर्यंत 'जरा आत सरका' आणि चढलो की दारातूनच 'मागची गाडी रिकामी आहे'.

पत्रातली भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मे महिन्यात आमच्याकडेही टँकर येतो. सोयींशिवाय गर्दी वाढली की काय होतं ते २०१७ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर दिसलं. चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. गिरण्या जाऊन तिथे ऑफिसं आली, मॉल आले. पूल तेवढाच राहिला. पण परळच्या त्या ऑफिसांत जाणारे बहुतेक लोक परळमध्ये राहत नाहीत. ते विरारहून, डोंबिवलीहून, कल्याणहून येतात. कामाच्या जवळ घरं बांधली नाहीत म्हणून गर्दी नाहीशी होत नाही. ती रोज सकाळी पुलावर येते.

गिरणगावाची गोष्ट आपण 'टॉवर आले आणि वाट लागली' अशी सांगतो. ती अर्धीच आहे. १९९१च्या विकास नियमावलीत ढोबळ वाटणी अशी होती : गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जिथे बांधकाम नव्हतं त्या मोकळ्या तुकड्याची. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळा तुकडा असा असणार किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. शहराने मैदानं गमावली, गिरणी कामगारांनी घरं गमावली. टॉवर उंच झाले म्हणून हे गेलं नाही. वाटा कापला म्हणून गेलं.

म्हणून मला आमच्या पत्राचा राग येतो. आज राज्यातल्या १० लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर २० टक्के हिस्सा अल्प उत्पन्नवाल्यांच्या लहान घरांसाठी ठेवावा लागतो. बिल्डरकडून काहीतरी परत मागणारा हा एक नियम उरलाय, आणि आम्ही नेमका त्यावरच बोट ठेवतोय. पाचशे गाड्यांच्या पार्किंगबद्दल अर्धी ओळ, लहान घरांबद्दल अख्खा परिच्छेद! ज्या घरात एकही गाडी नसणार त्याच्यामुळे ट्रॅफिक वाढेल, हे गणित मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कळव्याहून दोन रिक्षा बदलून येतात. त्यांचे हात आम्हाला चालतात, पत्ता चालत नाही. 'दर्जा' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

बाबांशी भांडण झालं. ते म्हणाले, "हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. भाव पडला तर तू भरणार?" माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. घर हीच आयुष्यभराची बचत असली की माणूस खिडकीतून बाहेर शेजारी बघत नाही, भाव बघतो. त्यांची भीती मला कळते. पण तिची किंमत मावशींनी का मोजायची?

मी ग्रुपवर दुसरं पत्र टाकलंय. पाण्याची लाइन पूर्ण झाल्याशिवाय नव्या टॉवरना ओसी देऊ नका. कंपनीची भिंत पाडून आरपार रस्ता काढा. मोकळी जागा सगळ्यांसाठी ठेवा, क्लबहाऊसच्या गेटाआड नको. आणि लहान घरं त्याच जागेवर, त्याच रस्त्याला तोंड करून बांधा. हे मागण्यासाठी शेजारी नकोसे वाटायची गरज नाही.

आतापर्यंत त्यावर तीन सह्या आल्यात. बाबांची नाही. पण काल त्यांनी विचारलं, "तो रस्ता नेमका कुठून काढायचा म्हणतोस?"